ड्रायर किती अंशावर लावावा? (नवशिक्यांसाठी)

अभिनंदन! दहावीला ब्याण्णव टक्के पडले, गल्लीत पेढे वाटून झाले आणि तुमची रवानगी नांदेडला किंवा लातूरला झाली. बाबांनी क्लासची फी भरली, आईने चिवड्याचा डबा भरला, मामा तर आत्तापासूनच ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हाक मारतात. पुढची दोन वर्षं तुम्हाला सगळं शिकवलं जाईल. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ७२० पैकी किती पडले की कुठलं कॉलेज मिळतं, कोणता प्रश्न सोडून द्यायचा, कोणता शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजे ठोकायचा, सगळं. एक विषय मात्र कोणत्याच क्लासच्या वेळापत्रकात नाही. रात्री नऊला धुतलेली जीन्स पहाटे सहाच्या बॅचपर्यंत वाळवायची कशी?

घाबरू नका. खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा. साधारण दिवाळीपर्यंत ड्रायरचं तापमान लावण्यात तुमचा हात धरणारा कोणी उरणार नाही. तोवर दमट पँट घालून बाकावर बसायची सवय ठेवा. मांड्यांना थोडी खाज सुटेल, पण त्यामुळे डुलकी लागत नाही, आणि पहाटेच्या बॅचला तेवढंच हवं असतं.

पायरी १. रूम बघताना ड्रायर विचारू नका

रूम बघायला वडील सोबत असतील. ते विचारतील: वायफाय आहे का, मेस जवळ आहे का, पोरं अभ्यासाची आहेत ना. त्यांना विचारू द्या. तुम्ही गप्प राहून फक्त वर बघा. भिंतीत खिळे किती आहेत आणि ते कोणत्या भिंतीला आहेत, ते मोजा. समोरासमोरच्या भिंतींना एकेक खिळा असेल तर ती रूम घ्या. मग खिडकी नसली तरी चालेल. खिडकी असलीच तर ती उघडून बघण्याच्या भानगडीत पडू नका. बाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते आणि तिथेही तुमच्यासारखाच एक मुलगा खिडकीच्या गजाला मोजे बांधत असतो. त्याला हात करा. पुढची दोन वर्षं तोच तुमचा शेजार.

एका खोलीचे प्लायवूड ठोकून तीन भाग केलेले असतील तर तिसऱ्या भागात उजेड येत नाही. नवशिके हिरमुसतात. तुम्ही हिरमुसू नका. अंधारात कपडा वाळला की नाही ते दिसत नाही, त्यामुळे तो वाळला असं मानून घालता येतो.

मालकांनी ‘मशीन हाय, ड्रायरसकट’ असं सांगितलं की वडिलांचा चेहरा खुलतो. खुलू द्या. भाडं त्याच वाक्यानंतर सांगितलं जातं.

पायरी २. ड्रायरचं बटण फिरवा

हे मशीन जिन्याखाली असतं. दोन टब. डावीकडे धुवायचं, उजवीकडे ‘ड्रायर’. उजव्या टबासाठी एक गोल बटण असतं, त्यावर शून्य ते पाच आकडे. नवशिक्याला वाटतं पाच म्हणजे कडक ऊन आणि एक म्हणजे सकाळचं कोवळं. तसं काही नाही. ती मिनिटं आहेत. त्या टबात तापवणारी तार नाही, गरम हवा सोडणारा पंखा नाही. टब मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे मारतो, पाणी भोकांतून बाहेर फेकतो आणि थांबतो. कपडे आत जाताना थंड असतात, बाहेर येताना जरा जास्तच थंड लागतात.

पण हे रूममेटला सांगू नका. बटण फिरवताना दोन क्षण विचार केल्यासारखं करा, मग ‘शर्टाला तीन पुरे, टॉवेलला पाच’ असं म्हणून फिरवा. तापमान लावण्याचा अधिकार एकदा तुमच्याकडे आला की बाकीचे आपले कपडेही तुमच्याकडेच देतात. (हा तोटा आहे. आधी सांगायला हवा होता.)

खरं तर तीन मिनिटांत जेवढं पाणी निघायचं तेवढं निघालेलं असतं. पुढची दोन मिनिटं विजेच्या बिलासाठी. तरी पाचच लावा. तीनवर थांबवणारा माणूस कोणाला आवडत नाही.

कपडे भरताना एका बाजूला जीन्स आणि दुसऱ्या बाजूला रुमाल असं ठेवू नका. तसं ठेवलंत तर पहिल्या अर्ध्या मिनिटात टब धडधडायला लागेल, दुसऱ्या अर्ध्या मिनिटात मशीन भिंतीपासून निघून जिन्याच्या पहिल्या पायरीकडे चालू लागेल. अशा वेळी तज्ज्ञ काय करतात? दोन्ही तळहात मशीनवर टेकून, एक गुडघा बाजूला लावून, अंगाचं सगळं वजन टाकून उभे राहतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ही कृती सापडणार नाही, पण मराठवाड्यातल्या निम्मी सेमी-ऑटोमॅटिक मशीनं याच आधारावर चालतात. कपड्यांवर दाबून बसवायचं प्लास्टिकचं झाकण हरवलेलं असणारच; त्याच्या जागी टॉवेलची घडी घाला. मग तो टॉवेल कशाने दाबायचा, हा प्रश्न विचारू नका.

एवढ्यात वरून घरमालकीण काकूंचा आवाज येईल. ‘का रे, किती वेळचं मशीन घुमायलंय! बिल कोण भरणारय?’ याला उत्तर द्यायचं नसतं. पाच मिनिटांचं बटण पाच मिनिटांनी आपोआप बंद होतं, काकूंचं होत नाही.

पायरी ३. खरं बटण गच्चीवर आहे

आता मुद्द्यावर येऊ. तापमान लावायचं असेल तर गच्चीची किल्ली लागते, आणि किल्ली काकूंच्या कमरेला असते. म्हणजे ड्रायरचं नियंत्रण कुठे आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

किल्ली थेट मागू नका. आधी दोन दिवस काकूंना भाजी आणून द्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवरचे नको ते फोटो काढून जागा करून द्या. चौथ्या दिवशी, त्यांचं जेवण झाल्यावर आणि मालिका सुरू होण्याआधी, बादली हातात घेऊन दारात उभे राहा. काही बोलू नका. बादलीतून दोन थेंब फरशीवर पडू द्या. किल्ली मिळते.

नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो, हवेत ओल जवळजवळ नसते. असा ड्रायर जगात कुठे विकत मिळत नाही. शेवटचा शर्ट दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत पहिला वाळत आलेला असतो. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदेच्या काठावर खाली. त्यामुळे लातूरच्या गच्चीचं तापमान नांदेडपेक्षा जरा कमीच लागतं. लातूरकरांनी याचं वाईट वाटून घेऊ नये, कपडा दहा मिनिटं उशिरा वाळेल एवढंच.

तापमान लावायचं ते असं:

मंद आच: सकाळी सात ते नऊ. रंगीत टी-शर्ट, आईने दिलेला जाड कॉटनचा कुडता, ज्याच्यावर जीव आहे ते सगळं.

मध्यम: दहा ते बारा. युनिफॉर्म, चादर, मेसमध्ये घालायची पँट.

कडक: बारा ते चार. टॉवेल, गादीची खोळ, आणि रूममेटचे ते कपडे, जे त्याने न विचारता तुमच्या बादलीत टाकले.

अतिकडक: जिन्याच्या टोपीवर जो पत्रा असतो, त्याच्यावर पसरून. फक्त मोज्यांसाठी. काढताना हातात फडकं घ्या.

काळी जीन्स उलटी करून टाका, नाहीतर महिनाभरात ती करडी होते आणि घरी गेल्यावर आजी म्हणते, ‘लेकराला धड कपडे नाहीत.’ लोखंडी तारेवर पांढरा शर्ट टाकू नका, गंजाची रेघ बरोबर पोटावर उमटते. ती रेघ कोणत्याही पावडरीने जात नाही. ती घेऊनच तुम्ही एमबीबीएसला जाल.

कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर खुणा असतात, त्या वाचायला शिका म्हणतात. चौकोनात गोल आणि गोलात एक ठिपका म्हणजे ड्रायरची हवा जास्तीत जास्त ६० अंश, दोन ठिपके म्हणजे ८०, गोलावर फुली म्हणजे ड्रायरला हात लावू नका. ही सगळी माहिती बहुतेक देशांत सारखीच आहे, आणि मानेला टोचते म्हणून ती पट्टी तुम्ही पहिल्याच आठवड्यात कात्रीने कापून टाकलेली आहे. असो. सुती कपडा विणताना धागे ताणलेले असतात; पाणी आणि गरम हवेत घुसळण मिळाली की ते ताण सोडतात, कपडा आखडतो. नांदेडला हे वेगळं सांगायची गरज नसावी. इथल्या कापूस संशोधन केंद्रातूनच एनएचएच ४४ हे संकरित वाण निघालं आणि शेतकऱ्यांच्या तोंडी ‘नांदेड ४४’ झालं. ज्या गावाने देशाला कापूस दिला त्या गावातल्या मुलाला आपला शर्ट किती आखडेल ते कळू नये, हे बरं दिसत नाही.

पायरी ३ चा उपविभाग: कुरडई

मार्च सरला की गच्चीवरची परिस्थिती बदलते. किल्ली मिळाली म्हणजे गच्ची मिळाली असं समजू नका. जुनं धुतलेलं नऊवारी पसरलेलं असतं, चारी कोपऱ्यांवर विटा, आणि त्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, ओळीने, एकमेकींना न चिकटता. पलीकडे पापड. त्याच्या पलीकडे सांडगे. टाकीजवळ वर्षाच्या तिखटासाठी लाल मिरच्या. त्या सगळ्यांत तुमची बादली.

इथे एक ज्येष्ठताक्रम आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही. सर्वांत आधी कुरडई. मग पापड, मिरची, डाळ, कीड लागू नये म्हणून उन्हात घातलेली ज्वारी. मग गाद्या-उशा. मग मालकांचे शर्ट. मग मालकांच्या घरातल्या कुत्र्याचं पांघरूण. त्याच्यानंतर तुम्ही. तुमच्यातही बारावीवाला आधी, अकरावीवाला नंतर, आणि परीक्षा पुन्हा देणारा सगळ्यांत आधी, कारण त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

तुमच्या टॉवेलचं पाणी कुरडईवर ठिपकलं तर काय होतं ते सविस्तर सांगणं या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. ‘कोणाचं टॉवेल हाय हे? माझ्या कुरडयावर पाणी गळायलंय!’ असा आवाज आल्यास खाली येऊन पुस्तक उघडा आणि ते सुलट आहे याची खात्री करा. अंतर्वस्त्रं मिरच्यांच्या शेजारी वाळत घालू नका. वारा सुटतो. याहून जास्त स्पष्ट लिहिता येत नाही.

एक उपाय आहे. स्वतःहून कावळे हाकायची जबाबदारी घ्या. जीवशास्त्राचं पुस्तक आणि एक काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसा. कुरडई वाळते, कपडे वाळतात, एक धडा होतो, आणि संध्याकाळी काकू ओल्या चिकाची वाटी देतात. गेल्या काही वर्षांत ‘नीट’ मेच्या पहिल्या रविवारी होते (२०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे), म्हणजे गच्चीचा ड्रायर अगदी जोरात असतानाच. परीक्षेला लांब बाह्यांचे कपडे चालत नाहीत, बूट चालत नाहीत. हलका अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चपला. दोन वर्षं झगडून मिळवलेलं वाळवण्याचं कौशल्य शेवटी एवढ्या एका शर्टासाठी वापरायचं. थोडं मन खट्टू होईल. होऊ द्या.

पायरी ४. पाणी

वाळवण्यासाठी आधी कपडा ओला व्हावा लागतो. लातूरच्या विद्यार्थ्यांनी ही पायरी काळजीपूर्वक वाचावी.

हे गाव पाण्याच्या बाबतीत कोणाकडून शिकणारं नाही. २०१६ च्या मार्चमध्ये इथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या गाडीचं स्टेशनवर स्वागत झालं, फोटो निघाले. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापुढे ‘आज दोन बादल्या लागतील’ असं म्हणू नका. तुम्हाला रूम मिळाली ती त्यांच्याच घरात आहे.

तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला: कपडे कमी धुवा. पंधरा दिवसांतून एकदा धुतलेत तर महिन्यात दोनदाच ड्रायरची चिंता. शर्ट आठवडाभर घालायचा. गुरुवारी तो उलटा करून घातला तर चालतो का, यावर अनेक हॉस्टेलांत चर्चा झालेली आहे आणि एकमत होऊ शकलेलं नाही. बोअरचं पाणी मिळालं तर त्यात क्षार असतात. साबणाला फेस येत नाही आणि वाळलेला टॉवेल पापडासारखा कडकडीत होतो. काढताना वाकवा, मोडू नका.

पायरी ५. पावसाळा, म्हणजे पंख्याचं रेग्युलेटर

ऑगस्टमध्ये गच्ची बंद. दोरीवर शेवाळ. आता तापमान लावायचं साधन एकच: दाराजवळचं पाच आकड्यांचं बटण. नांदेडमध्ये दोन ठिकाणी पाच आकडे असतात आणि एकाही ठिकाणी ते तापमान नसतं, ही नोंद करून ठेवा, वहीत नको, मनातच.

खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी बांधा. बरोबर पंख्याखालून. उंच रूममेटची मान सकाळी तिच्यात अडकते. दोन-तीन दिवसांत तो वाकून चालायला शिकतो. पंखा पाचवर. पंखा गरम करत नाही. कपड्याला चिकटलेली ओली हवा तो ढकलत राहतो एवढंच. खिडकी बंद असेल तर ती ओली हवा खोलीतच फिरते, आधी शर्टातून निघते, मग तुमच्या वहीत जाते, आणि वहीची पानं नागमोडी होतात. खिडकी उघडावी तर पाऊस आत. मधला मार्ग म्हणजे खिडकी अर्धी उघडायची आणि अर्ध्या पावसाबद्दल तक्रार करायची नाही.

भौतिकशास्त्रवाल्यांनो, हा घरचा अभ्यास. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे पाऊण युनिटाहून जरा कमी. जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी आहे असं धरा. काकू दर महिन्याला विजेसाठी किती जास्तीचे घेतात ते माहीत आहे. चार पर्यायांतून उत्तर निवडा. बरोबर उत्तर पर्यायांत नाही.

वास येईल. चुकीचा समज करून घेऊ नका, तुम्ही अस्वच्छ नाही. दमट कपड्यांच्या त्या कुबट वासामागे मोराक्झेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आहे असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. धुऊन, वाळवूनही तो धाग्यांत तग धरून राहतो. हे नाव बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही, त्यामुळे पाठ करू नका. मुलीच्या शेजारी बाकावर बसायची वेळ आली तर मात्र उपयोगी पडतं. ‘हा वास माझा नाही, मोराक्झेलाचा आहे’ एवढं म्हणा. संभाषण तिथेच संपतं, पण निदान शास्त्रीय पायावर संपतं.

वीज गेली तर? पंखा थांबतो, अंधार होतो, चारही मुलं ओल्या कपड्यांखाली मोबाइलच्या उजेडात बसतात. या स्थितीत कोणतंही तापमान लावता येत नाही. दिवसभरात हाच अर्धा तास खरी सुट्टी असते. घालवू नका.

पायरी ६. इस्त्री (चोरून)

रूमच्या नियमांच्या कागदावर इस्त्री, हीटर, इंडक्शन यांना बंदी लिहिलेली असते, आणि त्या कागदामागेच एक इस्त्री लपवलेली असते. तिच्यावर खरोखरचं तापमान असतं. तीन ठिपके म्हणजे २०० अंश, दोन म्हणजे १५०, एक म्हणजे ११०. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुठेतरी अंश दिसले म्हणून डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे.

ओल्या शर्टावर इस्त्री ठेवली की फुस्स होऊन वाफ निघते. कॉलर आधी, मग बाह्या, पाठ शेवटी. शर्ट वाळल्यासारखा दिसेल. तो वाळलेला नसतो. फक्त पाणी बाहेरून आत सरकलेलं असतं, ते पहिल्या तासाला परत बाहेर येतं. सिंथेटिकच्या युनिफॉर्मवर तीन ठिपके लावू नका. तसं केल्यास इस्त्रीला एक गुळगुळीत काळा थर येतो आणि शर्टाला इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडते. रूममध्ये खिडकी नसेल तर एक झाली.

हे झेपत नसेल तर चौकातल्या इस्त्रीवाल्या काकांकडे जा. कोळशाची इस्त्री, टेबलावर जळालेल्या चादरीची घडी, आणि प्रत्येक कपड्याला पाण्याचा एक शिपका. त्यांना ‘किती अंश?’ असं विचारू नका. ते बोटाला थुंकी लावून इस्त्रीला टेकवतात, चर्र आवाज ऐकतात आणि सुरू करतात. त्यांचा शर्ट जळत नाही. तुमचा दोनशे अंशांत बसवलेला सगळा अभ्यास तिथे उगीचच केला असं वाटेल. तसं वाटून घेऊ नका. परीटघडीचे पैसे मोजताना तोच अभ्यास पुन्हा आठवेल.

पायरी ७. लालपरी पद्धत

वरचं सगळं फसल्यास शनिवारची एसटी. नायगाव, अहमदपूर, उदगीर, कंधार, कुठलंही गाव असो, बसस्थानकावर दर शनिवारी संध्याकाळी पाठीला फुगलेली सॅक लावलेली मुलं दिसतील. त्यात पुस्तकं नसतात. पूर्वी गावाकडून शहरातल्या मुलासाठी एसटीने डबा यायचा. आता शहरातून गावाकडे धुणं जातं. आईला आधी फोन करून ‘अभ्यासाची दोन-तीन पुस्तकं घेऊन येतोय’ असं सांगा. ती काही विचारत नाही. ती आधीच मोठी बादली भरून ठेवते.

घरच्या अंगणात ऊन फुकट, दोरी मोकळी, आणि बाबा दर अर्ध्या तासाने कपडे उलटे करतात. रविवारी संध्याकाळी परत निघताना सगळं घडी करून, मधे गोडाचा डबा, वर लोणचं. लोणच्याची बरणी उभी ठेवा. ती आडवी झाली तर पुढची सगळी प्रकरणं पायरी दोनपासून पुन्हा वाचावी लागतात.

प्रगत अभ्यासक्रम: नाण्यावर चालणारा ड्रायर

डॉक्टर झालात तर तुमचे कपडे दुसरं कोणीतरी धुईल. इंजिनीयर झालात तर अमेरिका. तिथे तुम्हाला पहिल्यांदा खरा ड्रायर भेटेल, काचेचं गोल दार, आत गरम हवा, बाहेर नाणी टाकायची फट. तुमच्यापैकी बरेच जण डॅलसला जातील. शेजारच्या फोर्ट वर्थ गावात १९३४ मध्ये भाड्याने मशीन देणारं पहिलं दुकान निघालं असं सांगतात. म्हणजे तुम्ही योग्य ठिकाणी शिकायला गेला आहात.

दोन गोष्टी समजून घ्या. त्या देशात पुष्कळ सोसायट्यांच्या नियमात दोरी बांधायला बंदी असते. घराबाहेर कपडे वाळत दिसले की घरांच्या किमती पडतात म्हणे. फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी उलट कायदा करून दोरीला संरक्षण दिलं. कायद्याने मिळालेली दोरी! काकूंच्या गच्चीची किल्ली आठवत असेल तर अंगावर काटा येईल. दुसरं, तिथे बाजारात आलेल्या एका सुरुवातीच्या स्वयंचलित ड्रायरला १९३८ मध्ये ‘जून डे’ असं नाव दिलं होतं, बहुधा त्यांच्याकडे कपडे वाळवायला सगळ्यांत छान दिवस जूनचा. नांदेडकरांनी याबद्दल त्यांना माफ करावं. त्यांनी आपला जून पाहिलेला नाही.

आता कृती. ड्रायरवर तीन बटणं असतात: हाय, मीडियम, लो. त्यातलं नेमकं कोणतं दाबायचं यावर जगात फार विचार झालेला आहे, कपड्याच्या पट्टीवर ठिपके आहेत, मोठमोठे तक्ते आहेत. तो सगळा विचार नाणं टाकताना संपतो. कारण त्या फटीत टाकलेलं नाणं मिनिटं विकत घेतं, अंश नाही. मंद आचेवर तेवढेच पैसे आणि कडक आचेवरही तेवढेच. मग कोण लावेल मंद? दुकानात एकूण एक ड्रायर हायवर फिरत असतो, त्यात रेशमी कुडता, सदरा, गाद्यांच्या चादरी, सगळं एकत्र. तुम्हीही हायच दाबा. वीस मिनिटांचे पैसे टाकून पंधराव्या मिनिटाला दार उघडा, हात घाला, ‘अजून ओलं आहे’ असं मराठीत म्हणा आणि पुन्हा नाणं टाका. शेजारी उभा असलेला माणूसही आपल्या भाषेत तेच म्हणत असतो.

सुरू करण्याआधी दाराजवळची जाळी काढून तिच्यावरचा करडा लोकरीसारखा थर सोलून टाका. तो तुमच्या आधीच्या वीस माणसांच्या शर्टांचा असतो. न काढल्यास हवा अडते, कपडे वाळत नाहीत आणि त्या थराला आग लागू शकते. लोक ही जाळी काढत नाहीत, कारण काढणाऱ्याला नाणं परत मिळत नाही.

आणि एक. आत्याने विणलेला लोकरीचा स्वेटर. आत्या म्हणाली होती, ‘तिकडं थंडी लई असती.’ तो इतर कपड्यांत मिसळून गेला असेल, हायवर चाळीस मिनिटं फिरला असेल, आणि बाहेर आल्यावर तो तुमच्या कोपरापर्यंतही चढत नसेल. लोकर गरम, ओली आणि घुसळली गेली की तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि परत सुटत नाहीत. ओढून ताणू नका. घरी नेऊन पट्टीने लांबी-रुंदी मोजा. नांदेडला फोन करून ताईच्या बाळाची उंची किती झाली ते विचारा. जमत असेल तर डिसेंबरात गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत कोपऱ्यात बसवून द्या, आणि ताईला निरोप द्या: इथं बघून मुद्दाम घेतला, आत्याला दाखवू नको.